पृथ्वीच्या पूर्णगोलत्वाविषयीची शंका

पृथ्वी गोलाकार आहे, याविषयी सतराव्या शतकातील युरोपीय ज्योतिर्विदांत मतभेद नव्हता. ती पूर्ण गोल आहे काय, ही शंका मात्र एका घड्याळामुळे उत्पन्न झाली. १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्तानजीकच्या कायेन येथे वेध घेण्यास गेला असता, सेकंद दाखविणारा लंबक तेथे पॅरिसपेक्षा जवळजवळ ३ मिलिमीटरांनी आखूड करावा लागतो, असे त्यास आढळले. याचा अर्थ, तेथे गुरुत्व किंचित कमी आहे. १६८७ मध्ये न्यूटनने याची संगती लावली. परिवलनामुळे पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर व ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता.

याच्या उलट, जाक कासिनी याने १७१८ मध्ये पूर्ण केलेल्या फ्रान्सच्या मोजणीवरून पृथ्वी ध्रुवांकडे लांबट ठरत होती. या वादाचा निर्णय मोजणीनेच होऊ शकत होता. जेथे पृष्ठभाग अधिक सपाट, तेथे ताऱ्याची उंची एका अंशाने बदलण्यास अधिक अंतर चालावे लागते. अर्थात पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्यास उत्तरेकडे अंशाची लांबी वाढली पाहिजे. लांबट असल्यास ती घटली पाहिजे.

यास्तव फ्रेंच अकादमीने १७३५ मध्ये बूगेर, ला काँदामिन आदींना तत्कालीन पेरू प्रांतात, व १७३६ मध्ये मोपर्त्यूई, क्लेरो आदींना लापलंडात पाठविले. पॅरिसजवळ एका अंशाची लांबी सुमारे ५७,०६० त्वाझ होती (एक त्वाझ म्हणजे सुमारे १.९५ मीटर). लापलंडात ती सुमारे ५७,४३७, तर पेरूत सुमारे ५६,७५० त्वाझ भरली. न्यूटनचा पक्ष खरा ठरला. पुढे कासिनीच्याच पुत्राने फ्रान्सची मोजणी पुन्हा करून पित्याचा निष्कर्ष १७४४ मध्ये दुरुस्त केला.

तथापि निर्णायक मानलेली लापलंडची मोजणीही निर्दोष नव्हती. १८०१ ते १८०३ या काळात स्वानबेर्गने तेथे पुनर्मोजणी केली, तेव्हा पूर्वीचा आकडा सुमारे २०० त्वाझांनी अधिक असल्याचे दिसून आले. तरीही सिद्धान्त ढळला नाही. कारण तो एकाच मोजणीवर विसंबून नव्हता. आज विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येहून सुमारे २१ किलोमीटरांनी अधिक मानली जाते.

रूढ मताविषयी शंका घेणे एवढ्यानेच ज्ञान वाढत नाही. कोणत्या मोजणीने आपले म्हणणे खोटे ठरेल, हे दोन्ही पक्षांना आधीच सांगता येत होते. या वादाची फलश्रुती त्यामुळेच शक्य झाली.