शब्दकोडे : उत्तर द्यावे की वाट दाखवावी?

सकाळी वृत्तपत्र घरात आले की त्याची पाने वेगवेगळ्या हातांत जातात. शब्दकोड्याचे पान मात्र बहुधा घरातील वडीलधाऱ्यांसाठी राखलेले असते. देवदर्शन आणि न्याहारी आटोपली की चष्मा व पेन्सिल घेऊन ते चौकटीसमोर बसतात. निम्मी चौकट भरते आणि मग हाक येते, “अरे, धान्य साठविण्याची जागा, तीन अक्षरी. काय असेल?” या हाकेला घरातून कोणता प्रतिसाद मिळतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आज बहुधा दोनच प्रतिसाद ऐकू येतात. एक म्हणजे, “मला आता वेळ नाही.” दुसरा म्हणजे मोबाइलवर क्षणात शोधून सांगितलेला शब्द. पहिला रूक्ष वाटतो आणि दुसरा मदतीचा. परंतु दोहोंनी संभाषण तेथेच संपते. विचारणाऱ्याला केवळ शब्द हवा असता तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तर छापून येणारच होते. त्याला शब्दाबरोबर सोबतही हवी असते.

वृत्तपत्रीय शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेत झाला. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात आर्थर विन यांनी पहिले कोडे प्रसिद्ध केले. मराठीत येताना मात्र त्याचे रूप पालटले. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. मराठीत काना-मात्रा आणि जोडाक्षरासह संपूर्ण अक्षर बसते. ‘स्वातंत्र्य’ एवढा मोठा शब्द, पण तीनच घरांत मावतो. त्यामुळे उभ्या शब्दातून मिळालेले एक अक्षर आडव्या शब्दाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. मराठी कोड्यातील खरा साहाय्यकर्ता हे छेदणारे अक्षरच होय.

चौकट परकी असली तरी शब्दांचे कोडे आपल्या परंपरेला नवे नाही. आगमग्रंथांत राजकुमारांनी शिकावयाच्या ज्या बहात्तर कला सांगितल्या आहेत, त्यांत प्रहेलिकेचा समावेश आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव गर्भात असताना देवी मरुदेवी मातेचे मनोरंजन कशाने करतात? शब्दकोड्यांनी! कोठे मात्रा गाळलेली, कोठे अक्षर वगळलेले, कोठे उत्तर प्रश्नातच दडलेले. देवी विचारतात आणि माता उत्तरे देते. येथे कोडे हा एकट्याचा उद्योग नाही. ती दोघांमधील गोष्टी आहे, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

कोडे सुटते तेव्हा मनात काय घडते, याचे वर्णन करण्यास मतिज्ञानाच्या चार पायऱ्या दृष्टांत म्हणून उपयोगी पडतात. सूचना वाचली, धान्याच्या जागेविषयी काही विचारले आहे एवढे जाणवले, हा अवग्रह. मग मन शोधू लागते : ‘पेव’ दोन अक्षरी म्हणून बाद, ‘कणगी’ तीन अक्षरी, ‘बळद’ही तीन अक्षरी. सूचनेत ‘जागा’ म्हटले आहे; कणगी हे तर पात्र, तेव्हा बळदच असावे, हा मनाचा कल म्हणजे ईहा. इतक्यात ‘फुलांची गुंफण’ या उभ्या सूचनेचे ‘माळ’ हे उत्तर मिळते आणि त्यातील ‘ळ’ नेमका मधल्या घरात पडतो. ‘बळद’ निश्चित झाला, हा अवाय. आणि दोन महिन्यांनी तोच शब्द पुन्हा आला असता चटकन आठवला, ती धारणा. आयते उत्तर मिळाले की ईहा घडतच नाही, आणि जेथे शोध नाही तेथे धारणाही दुबळी राहते. म्हणूनच आयता शब्द दुपारपर्यंत विसरतो आणि शोधलेला वर्षानुवर्षे टिकतो.

यावरून साहाय्याचा क्रम ठरविता येतो. कोणी शब्द विचारला तर प्रथम सूचना मोठ्याने वाचावयास सांगावी. ऐकताना पुष्कळदा शब्दाचा दुसरा अर्थ लक्षात येतो. ‘किरण, हात आणि सरकारी वसुली यांना मिळून एक शब्द’ असे कानावर पडले की ‘कर’ हा शब्द आपोआप ओठांवर येतो. त्यानंतर छेदणारे शब्द आधी सोडविण्यास हातभार लावावा. तरीही अडले तर अर्थाचा इशारा द्यावा, मग पहिले अक्षर, मग शब्दकोश आणि सर्वांत शेवटी उत्तर. आणखी एक पथ्य आहे. दुसऱ्याने अर्धे सोडविलेले कोडे त्याला न विचारता पेनाने पुरे करू नये. न दिलेले घेणे या दोषाची एवढी सूक्ष्म छटा तरी आपण श्रावकांनी टाळावी!

शब्दकोश पाहणे म्हणजे लबाडी, असा काहींचा समज असतो. तो योग्य नाही. स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत वाचनेनंतर लगेच पृच्छना येते. विचारणे हे अध्ययनाचेच अंग मानलेले आहे. शिवाय कोशरचनेत जैन आचार्यांचे आणि कवींचे कार्य फार मोठे आहे. कवी धनंजयांची नाममाला दोनशेच्या आसपास श्लोकांची, पण तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. पृथ्वीच्या नावांना ‘धर’ जोडला की पर्वत होतो, ‘पति’ जोडला की राजा आणि ‘रुह’ जोडला की वृक्ष. भूधर, महीपती, महीरुह असे शब्द कोड्यांत वारंवार येतात. ही युक्ती ठाऊक असणाऱ्याला ते पाठ करावे लागत नाहीत.

बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी तर एका अर्थाचे अनेक शब्द ‘अभिधानचिंतामणी’त दिले आणि एका शब्दाचे अनेक अर्थ ‘अनेकार्थसंग्रहा’त. या दुसऱ्या ग्रंथाची कांडे शब्दातील अक्षरसंख्येप्रमाणे लावलेली आहेत. त्यांच्या ‘देशीनाममाले’त शब्द आद्याक्षरानुसार आणि त्यातही अक्षरसंख्येनुसार मांडलेले आहेत. पहिले अक्षर कोणते आणि घरे किती, हेच तर कोडे सोडविणारा विचारीत असतो! आपले ‘पोट’ आणि ‘चिखल’ यांची जुनी रूपे, ‘पोट्ट’ आणि ‘चिक्खल्ल’, याच ग्रंथात भेटतात. अलीकडच्या मराठीसाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. १९३२ पासून प्रसिद्ध झालेला हा कोश आता संगणकावरही पाहता येतो. नातवंडांनी मोबाइलवर आयते उत्तर शोधण्याऐवजी आजोबांना हा कोश उघडून द्यावा. यंत्राचा याहून चांगला उपयोग तो कोणता?

कोड्याच्या विरक्त आनंदाला लोभाची जोड मिळाली की काय होते, याचाही इतिहास आहे. एके काळी देशात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. एकाच घरात दोन शब्द सारखेच शोभावेत आणि बंद पाकिटातील उत्तराशी जुळेल त्यालाच पैसा मिळावा, असा त्यांतील कित्येकांचा प्रकार होता. १९५५ साली संसदेने कायदा करून, महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या अशा स्पर्धांना बंदी घातली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरताना बुद्धिकौशल्याच्या स्पर्धा आणि नशिबाचा खेळ यांत भेद केला. सप्तव्यसनांत द्यूत पहिले येते. खेळ तोच असला तरी हेतू बदलला की तो साधना राहतो वा व्यसन बनतो.

आता सर्वांत नाजूक भाग. वय वाढते तसे शब्द निसटू लागतात. काल सहज आठवलेला शब्द आज जिभेवर येऊन परततो. कोडे सोडविल्याने विस्मरणाचा आजार टळतो, असा दावा आम्ही करणार नाही. परंतु ज्याचे शब्द निसटत आहेत, त्याची परीक्षा घेऊ नये, एवढे खात्रीने सांगता येते. “एवढेही आठवत नाही?” हे तीन शब्द वृद्धाला कोड्यापासूनच नव्हे, तर संभाषणापासूनही दूर लोटतात. त्याच्याजवळ बसावे, सूचना वाचून दाखवावी, सोपी अक्षरे भरून द्यावीत आणि शेवटचे घर त्याच्या हातून भरले जाईल असे पाहावे. शिवाय, उतरंड, शिंके, घंगाळ, बळद हे शब्द आजीकडेच आहेत. खेळाडू, चित्रपट आणि संगणकाचे शब्द नातवाकडे. एकाच चौकटीत दोघांचीही गरज लागते. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, ही शिकवण एरवी प्रवचनात ऐकू येते. येथे ती पेन्सिलीच्या टोकाशी अनुभवास येते.

चातुर्मासात पाठशाळांनी एक उपक्रम अवश्य करावा. त्रेसष्ट शलाकापुरुष, तीर्थंकरांची लांछने आणि जुने घरगुती शब्द घेऊन मुलांनी स्वतः कोडे रचावे. ‘बाविसावे तीर्थंकर, चार अक्षरी’, ‘भगवान महावीरांचे लांछन, दोन अक्षरी’ अशा सूचनांनी आरंभ करता येईल. अट एवढीच ठेवावी, की निम्म्या सूचना घरातील ज्येष्ठांना विचारून मिळविलेल्या असाव्यात.