नाका गेला, कागद राहिला

वडपे हे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे, एवढे सांगून भागत नाही. त्याच्या आसपास ही एवढी गोदामे का उभी राहिली, हेही विचारले पाहिजे. जागा स्वस्त होती हे खरे. पण त्याच्या जोडीला जकातीचे कारण होते. माल मुंबईच्या हद्दीत शिरला की मुलुंडसारख्या नाक्यावर जकात भरावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर भिवंडी तालुक्यात उतरविला आणि लागेल तेवढाच आत नेला. भाताच्या शेतांत गोदामे आली, त्यात या सरहद्दीचा वाटा मोठा आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. मुंबईची जकात गेली, राज्याराज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाकेही उठले. तेव्हा ‘आता आपण मोकळे झालो’ असे पुष्कळ ड्रायव्हर बंधूंना वाटले. आम्ही कामगार संघटनेतील माणसे त्यांना सांगत आलो की, बाबांनो, नाका उठला, पण कागद उठलेला नाही; तो तुमच्या खिशात आला आहे.

दोन कागदांत गल्लत होते, ती आधी दूर करू. एक कागद गाडीचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली परमिट ठराविक प्रदेशापुरते असे आणि परराज्यात जाताना तेथील सही मिळवावी लागे. १९७५ साली राष्ट्रीय परमिटाची योजना आली आणि २०१० पासून वर्षाची एकच ठोक फी भरून मालगाडीला देशभर फिरता येऊ लागले. दुसरा कागद मालाचा. त्याचे नाव ई-वे बिल. १ एप्रिल २०१८ पासून, पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात नेताना तो लागतो. पहिला बरोबर असला तरी दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

हा कागद प्रवासापूर्वी तयार होतो, हे त्याचे मर्म. ही युक्ती केवळ आपलीच नव्हे. अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीवर अरण्यात सरोवरांची रांगच आहे. लहान होड्या वल्हवीत हौशी प्रवासी तेथून पलीकडे जातात. प्रत्येक काठावर अधिकारी कोठून बसविणार? म्हणून कॅनडा सरकारने वर्षभराचा परवाना आगाऊ देण्याची पद्धत पुष्कळ वर्षे चालविली. मात्र तेथे अर्ज करणारा आणि वल्हे मारणारा एकच. आपल्याकडे माल व्यापाऱ्याचा, गाडी मालकाची आणि रस्त्यावर सापडतो तो ड्रायव्हर!

ई-वे बिलाच्या पहिल्या भागात मालाची माहिती असते, दुसऱ्यात गाडीचा क्रमांक. वाटेत गाडी बिघडून माल दुसरीत भरला, तर नवा क्रमांक नोंदवावा लागतो. मुदत अंतरावर ठरते: दर दोनशे किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. वडप्याहून इंदूर सुमारे साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. सोमवारी बिल पुरे झाले तर पहिला दिवस मंगळवारच्या मध्यरात्री संपतो आणि तिसरा गुरुवारच्या. घाटात गाडी अडकून पडली तर मुदत वाढविता येते. पण ती संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत.

कागदात दोष निघाला तर माल आणि गाडी दोन्ही अडविता येतात. करपात्र मालाचा मालक पुढे आला तर कराच्या दुप्पट दंड भरून माल सुटतो. दंड ड्रायव्हरच्या नावावर नसतो. पण गाडीपाशी बसून राहतो तो ड्रायव्हरच. जेथे पगार खेपेवर, तेथे ते दिवस बिनपगारी जातात.

त्याच्या बाजूचे दोन नियमही आहेत, ते फार थोड्यांना ठाऊक असतात. एका राज्यात मालाची प्रत्यक्ष तपासणी एकदा झाली, तर करचुकवेगिरीची विशिष्ट खबर असल्याखेरीज त्याच राज्यात पुन्हा तपासणी करता येत नाही. आणि गाडी अर्ध्या तासाहून अधिक अडवून ठेवली, तर वाहतूकदाराला तशी नोंद सरकारी संकेतस्थळावर करता येते. म्हणून ड्रायव्हरने थांबविल्याची वेळ टिपून ठेवावी आणि तत्काळ मालकाला फोन करावा.

निघण्यापूर्वी बिलावरील गाडीचा क्रमांक, मुदत आणि बीजक ताडून पाहावे. ई-वे बिलाचा क्रमांक मोबाईलवर असला तरी चालतो. एवढे ड्रायव्हरने करावे. पण कागद ज्याने चुकीचा केला, अडकल्या दिवसांचा भत्ताही त्यानेच द्यावा, ही अट भाडे ठरवतानाच लिहून घेतली पाहिजे. ती एकट्यादुकट्याला मिळत नाही. व्यापाऱ्यांची मंडळे आहेत, मालकांच्या संघटना आहेत. तशी ड्रायव्हरांचीही असावी, इतकेच आमचे मागणे आहे.