काचेच्या गोळ्याला मण्यांचं झबलं
नाताळच्या झाडावरचा काचेचा गोळा मूळचा जर्मनीतल्या लाउशा गावचा. फुंकून फुगवलेल्या त्या पातळ काचेवर मण्यांची जाळी चढली, की दिव्यांचा उजेड मण्यामण्यांत विखुरतो. रुखवतातला मण्यांनी मढवलेला नारळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे काम परकं वाटणार नाही.

सुरुवात वरून. दोऱ्यात मणी ओवून गोळ्याच्या धातूच्या टोपीभोवती सैलसर बसेल असं कडं बांधायचं. त्याला मण्यांच्या कमानी जोडायच्या आणि पुढच्या फेरीत सुई प्रत्येक कमानीच्या मधल्या मण्यातून काढायची. ६ सेंमी व्यासाच्या गोळ्याचा मध्यावरचा घेर सुमारे १९ सेंमी असतो, म्हणून खाली येताना कमानीतले मणी वाढवावे लागतात. खरं कसब इथेच! मणी कमी पडले तर जाळी ओढली जाते, जास्त झाले तर लोंबते.

मण्यांचे नंबर उलटे चालतात: ११ नंबरचा मणी जेमतेम २ मिमीचा, ८ नंबरचा त्याहून मोठा. नळीमण्यांच्या धारदार कडा दोरा कापतात. त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी हवाच.

चेक प्रजासत्ताकातल्या पोनिक्लामध्ये फुंकलेल्या काचमण्यांपासूनच अख्खी सजावट घडते. २०२० मध्ये युनेस्कोने या कलेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

जाळी मध्याच्या जरा खाली थांबवून सरांची झालर सोडणं उत्तम. गोळा फुटला, तरी तेच झबलं दुसऱ्यावर चढतं.