तळ्याकाठची न्याहारी

पैसे किती झाले, हे विचारायची वेळ आली की कोकणातल्या घरात अजूनही क्षणभर सगळे गप्प होतात. यजमान छपराच्या वाशांकडे बघू लागतात, घरची बाई पदराला हात पुसत आत जाते आणि आतून भांड्यांचा उगाचच आवाज येतो. गेल्या मार्गशीर्षात चिपळूणजवळ एका तळ्याकाठच्या घरी आम्ही उभयता तीन रात्री राहिलो, तेव्हा चौथ्या दिवशी सकाळी हेच झालं. वास्तविक ते घर पाहुण्यांकडून पैसे घेण्यासाठीच चालवलं जातं. ओटीवर पर्यटन महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेतल्या नोंदणीचा कागद चौकटीत लावलेला आहे. तरीही.

तळं म्हणजे कोळकेवाडीचं. चिपळूणहून कराडच्या रस्त्यानं कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडे जाताना अलोऱ्याच्या बाजूला वळलं की सह्याद्री एकदम अंगावर येतो, आणि त्याच्या पायाशी हे पाणी दिसतं. काठावर जाऊन पाय बुडवून बसावं, असं ते तळं नव्हे. धरणाच्या आवारात मुक्त प्रवेश नाही. आम्ही राहिलो ते घर चढणीवर आहे. पडवीत बसून झाडांच्या फटीतून पाणी लांबून बघायचं, एवढंच. तेवढंही पुरेसं होतं.

हे तळं निसर्गानं केलेलं नाही. घाटावर कोयना अडवली आणि शिवसागर झाला. ते पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला आणलं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चाकांवर सोडलं, आणि तिथून बाहेर पडलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून कोळकेवाडीला पुन्हा अडवून त्यावर आणखी एकदा वीज केली. मग ते वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. म्हणजे जे पाणी एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते अरबी समुद्राला मिळतं. हे किती वळवायचं यालाही कृष्णा पाणीतंटा लवादानं मर्यादा घातलेली आहे: वर्षाला ६७.५ टीएमसी. एक जूनला नवं वर्ष सुरू होतं आणि हिशेब पुन्हा शून्यापासून. आमच्या बँकेच्या भाषेत ही कॅश क्रेडिटची लिमिटच झाली. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅटचा हा कारभार आहे, आणि राज्यात संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी त्याच्यावरच मोठी भिस्त असते. त्यामुळे या तळ्याला पावसाळा-उन्हाळा असा नेहमीचा क्रम नाही. ते एका दिवसातही चढतं-उतरतं. सकाळी काठाला ओल्या तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, कधी अरुंद, कधी रुंद. घरच्या आजी तो पट्टा बघून म्हणाल्या, "काल मुंबईकरांनी वीज बरीच जाळली वाटतं." त्यात शास्त्र किती आणि थट्टा किती, ते मी विचारलं नाही.

मला चिपळूण नवं नाही. १९९६ ते १९९९ अशी तीन वर्षं मी तिथल्या बाजारपेठेतल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. मुलीची शाळा पुण्यात होती, म्हणून बिऱ्हाड हलवलं नाही. एका विधवा बाईंच्या घरी माडीवरची खोली मिळाली होती, सकाळचा चहा आणि दोन वेळचं जेवण त्यांच्याकडेच. महिन्याच्या एक तारखेला मी पैसे पाकिटात घालून देवापुढं ठेवत असे. हातात दिलेले त्या घेत नसत. संध्याकाळी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाऊन बसायचो. १८६४ साली स्थापन झालेलं ते ग्रंथालय. माझी पहिली कादंबरी तिथल्या टेबलावर लिहून झाली, हे मी आजवर कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

ते दिवस मोठ्या अपेक्षेचे होते. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागराला पाण्याखालून भोक पाडलं, ते 'लेक टॅपिंग'. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आता मुंबईचे लोक लोंढ्यानं येणार, असं जो तो म्हणत होता. म्हणत होता, पण त्यावर कर्ज द्यायची वेळ आली की आम्ही कागद मागत होतो.

त्याच सुमारास गुहागरच्या बाजूच्या एका खेड्यातून एक बाई शाखेत आल्या. पस्तिशीच्या असाव्यात. नवरा मुंबईला गिरणीत होता, संपानंतर परत आला होता आणि आजारी होता. घर स्वतःचं, चिऱ्याचं, समुद्र चालत दहा मिनिटांवर. त्यांना मागच्या दोन खोल्यांना फरशी घालायची होती, संडास-बाथरूम बांधायचं होतं आणि पाहुणे ठेवायचे होते. चाळीस हजार रुपये हवे होते. वहीच्या मधल्या दोन पानांवर त्यांनी सगळं लिहून आणलं होतं: माणशी राहण्याचे किती, जेवणाचे किती. मी ते वाचलं आणि विचारलं, "बाई, अनोळखी माणसाच्या घरी पैसे देऊन कोण राहील? लोक लॉजवर जातात." त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कुठं राहता?"

शाखेत दोघंतिघं हसले. मीही हसलो, आणि अर्जावर शेरा मारला: व्यवसायाची व्यवहार्यता सिद्ध होत नाही. नियमाला धरून तो शेरा बरोबर होता. तारण अपुरं होतं, जामीनदार शेतकरी होता, पूर्वीचा अनुभव काही नव्हता. आजही कुणी ती फाइल काढली तर मला दोष देता येणार नाही. मात्र त्या दिवशी दुपारी जेवायला मी त्या विधवा बाईंच्या घरी गेलो, कुळथाच्या पिठल्याबरोबर दोनदा भात घेतला, आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी आठवलं आणि चांगलंच बोचलं. त्या बाईंचं नाव मी विसरलो आहे. गाव आठवतं, पण शोधायला जायचं धाडस झालेलं नाही.

मधल्या काळात जग उलटंपालटं झालं. मुलगी इंग्लंडला गेली. तिनं आम्हाला एकदा विंडरमिअर सरोवराकाठी एका 'बेड अँड ब्रेकफस्ट'मध्ये नेलं. न्याहारी आठ ते नऊ, नऊ वाजून पाच मिनिटांनी गेलात तर चहासुद्धा नाही. घरमालकीणबाई प्रेमळ होत्या, पण स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडेच उभं राहायचं, हे त्यांनी न सांगता समजावलं होतं. दर खोलीच्या दारावर लिहिलेला होता. पैशाच्या बाबतीत कुणालाही संकोच नव्हता, आणि मला आठवतं, त्या स्पष्टपणाचा मला फार हेवा वाटला. सौ.ना मात्र ते घर शेवटपर्यंत घर वाटलं नाही.

कोळकेवाडीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराची अडचण पहिल्या दिवशीच संपली. गुरुवार होता. घरच्या वहिनींचं महालक्ष्मीचं व्रत. घट मांडला होता. सौ.नी विचारलं, "मी हळदकुंकू वाहू का?" आणि तेवढ्यावर त्या थेट माजघरात. रात्री पुरणाचं जेवण झालं. जेवताना दिवे गेले. धरणाच्या उशाशी दिवे जातात यावर विनोद करायचा मोह मला झाला होता, पण वहिनींनी इतक्या सवयीनं कंदील आणून ठेवला, की हा विनोद इथं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं केलेला असणार हे लक्षात आलं. गप्प बसलो.

सकाळची न्याहारी म्हणजे घावन, ओल्या नारळाची चटणी, आणि आजींसाठी केलेल्या मऊ भातातला वाटीभर माझ्यासाठी, वर मेतकूट आणि तूप. अंघोळीला तांब्याच्या बंबातलं पाणी. त्याला धुराचा जो वास असतो, तो गीझरला कसा यावा? खोली स्वच्छ, गादी कापसाची, उशी जरा जास्तच टणक. खिडकीला जाळी नव्हती आणि डास होते. हे लिहिलं पाहिजे, कारण वहिनींनी मला ते आवर्जून विचारलं आणि मी खरं सांगितलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

हळूहळू घरची हकीकत कळली. हे कुटुंब मूळचं इथलंच. काही भातखाचरं तळ्याखाली गेली तेव्हा सासरे चिपळूणला उतरले आणि बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं. २००५ च्या २६ जुलैला दुकानात पाणी आलं, ते त्यांनी काढलं, माल वाळवला, पुन्हा उभे राहिले. मग करोना आला. २०२० ची शाळा सुरू झाली नाही, २०२१ ची सुरू झाली नाही, माल कपाटात तसाच. आणि त्या वर्षी २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. खालचा मजला पाण्याखाली गेला. दोन वर्षं न खपलेल्या वह्या लगदा होऊन चिखलाबरोबर फावड्यानं ओढाव्या लागल्या. माझ्या वाचन मंदिरातही त्या दिवशी पाणी शिरलं होतं. फोटो बघून मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. पण माझी ती आठवण होती, यांचं ते पोट होतं. माल गेला, मालावर काढलेलं कर्ज राहिलं.

त्या पुराबद्दल चिपळुणात अजून वाद आहेत. धरणातून सोडलेलं पाणी किती कारण, घाटमाथ्यावर पडलेला पाऊस किती, भरतीची वेळ किती, नदीत साठलेला गाळ किती. गाळासाठी तर लोकांनी धरणं धरलं आणि मग तो निघू लागला. पूररेषांवरूनही बरीच भांडणं झाली. निळ्या आणि लाल रेषेनं गावाचा मोठा भाग रंगला, की घरदुरुस्तीलाही परवानगी अवघड होते. मला या वादात अधिकार नाही. मी एवढंच पाहिलं, की ज्या पाण्यानं यांची शेती घेतली, त्याच पाण्याच्या वाटेवर खाली यांचं दुकान होतं, आणि आता त्याच पाण्याकडे तोंड करून यांनी पडवीत खुर्च्या मांडल्या आहेत. यजमानांना मी हे बोलून दाखवलं. ते खेर्डीच्या एमआयडीसीत हिशेब लिहायला जातात, मितभाषी आहेत. म्हणाले, "दुसरं काय होतं आमच्याकडे? घर होतं नि तळं होतं."

आता त्या शेवटच्या सकाळविषयी. भांड्यांचा आवाज थांबला, वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "द्या काका, काय द्यायचं ते." मी बँकेतला माणूस. म्हटलं, असं चालणार नाही, वही आणा. त्यांनी आणली. दोनशे पानी, पुरातून वाचलेल्या मालातलीच असावी. कडेला तांबूस डाग होता. आलेल्यांची नावं, तारखा, खोलीचे पैसे, जेवणाचे पैसे, खर्चात गॅस, दूध, तांदूळ, चादरी धुण्याचा साबण. अक्षर सुरेख. मी पंधरा मिनिटं वाचलं आणि विचारलं, "नारळ कुठं आहेत?" म्हणाल्या, "ते परसातले." "लाकूडफाटा?" "तोही परसातलाच." "आणि तुमची मजुरी?" यावर त्या हसल्या. आजींनी आतून विचारलं, "काय म्हणतायत ते?" सूनबाईंनी सांगितलं, "माझा पगार विचारतायत." मग त्याही हसल्या.

पहाटे साडेपाचला उठून रात्री साडेदहाला निजणाऱ्या बाईचा पगार शून्य धरला, तर वर्षअखेरीस जेमतेम काही उरत होतं. धरला, तर तोटा होता. मी तसं सांगितलं, जरा तोडूनच सांगितलं. सौ.नी माझ्याकडे डोळे वटारले. वहिनी मात्र रागावल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. तिच्यात एका बँकेचा छापील अर्ज होता. अजून दोन खोल्या काढायच्या होत्या, जाळ्या बसवायच्या होत्या. कर्ज मागितलं होतं. बँकेनं प्रोजेक्ट रिपोर्ट आणायला सांगितला होता आणि चार महिने तो अर्ज पिशवीतच होता.

आमची पुण्याची गाडी दुपारची होती. मी चष्मा काढला, पुसला, आणि पडवीत बसून कागद मागवला. आयुष्यभर असे शेकडो रिपोर्ट मी वाचले आणि बऱ्याचदा नापास केले. लिहिला एकही नव्हता. पहिल्या खर्चाच्या ओळीत घरच्या बाईची मजुरी घातली आणि आकडा लिहिला. त्या म्हणाल्या, "हे बघून बँक देईल का?" मी म्हटलं, हे नसेल तर दर वाढवायला कारण सापडणार नाही. त्यावर त्यांचं म्हणणं पडलं, की दर वाढवला तर माणसं येणार नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. शेवटी खोलीमागे दोनशे रुपयांवर तडजोड झाली. आमचं बिल मी नव्या दरानं दिलं. त्यांनी जुन्या दरानं घेतलं आणि फरक सौ.च्या हातात परत ठेवला, सौ.नी तो त्यांच्या धाकट्या मुलीच्या हातात ठेवला. मग नारळ आणि तांदळानं सौ.ची ओटी भरली गेली. या सगळ्याची नोंद वहीत कुठल्या रकान्यात करायची, ते मला सांगता आलं नाही.

एक रकाना मात्र तसाच राहिला. जुलैमध्ये किती पाहुणे धरायचे? मी म्हटलं, पावसाळी पर्यटन वाढलंय, सवतसडा बघायला लोक येतात, निम्म्या खोल्या भरतील असं धरू. वहिनी म्हणाल्या, शून्य धरा. मी म्हटलं, शून्य धरलं तर हप्ता बसत नाही. त्या काही बोलल्या नाहीत, तळ्याकडे बघत राहिल्या. रिपोर्ट अर्धवट ठेवून मी गाडी गाठली. त्यानंतर तीन वेळा फोन झाला. मी निम्म्यावरून एक-चतुर्थांशावर आलो आहे. त्या अजून शून्यावरच आहेत.