डेंग्यूचे रक्त कोणत्या दिवशी तपासावे?

पावसाळा सरत आला म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या रोग्यांच्या हाती बहुधा एक कागद असतो. "डॉक्टरसाहेब, डेंग्यू निगेटिव्ह आला, मग ताप का उतरत नाही?" कागद खोटा नसतो, तापही खोटा नसतो. ताप येऊन कितवा दिवस झाला असता रक्त काढले, हे मात्र कोणी विचारलेले नसते, आणि सारी मेख तेथेच आहे.

डास चावल्यानंतर चार ते दहा दिवसांनी ताप चढतो. त्या वेळी विषाणू रक्तात मुबलक असतो आणि त्याचे 'एन.एस. १' नावाचे एक प्रथिन रक्तात मिसळलेले असते. ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत ते चांगले सापडते. पुढे ओसरत जाते. याच सुमारास शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात दिसू लागतात. त्यांतील 'आय.जी.एम.' हे पहिले. म्हणजे एका तपासणीत चोर शोधावयाचा आणि दुसरीत त्याच्या मागावर निघालेले शिपाई. दुसऱ्या दिवशी शिपाई शोधले तर ते मिळणार नाहीत. आठव्या दिवशी चोर शोधला तर तो बहुधा निसटलेला असणार. दोन्ही वेळा कागदावर 'निगेटिव्ह' येईल आणि दोन्ही वेळा रोग्याला डेंग्यू असू शकेल.

हे शिपाई लवकर घरी परतत नाहीत. आय.जी.एम. दोन-तीन महिने रक्तात राहू शकते. भाद्रपदात डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला दिवाळीत विषमज्वर झाला, तर त्याचा डेंग्यूचा कागद 'पॉझिटिव्ह' येण्याचा संभव आहे! 'आय.जी.जी.' हे तिसरे नाव कागदावर असते. तो कायमचा पहारा समजावा; एकटे तेच आढळले तर पूर्वी केव्हातरी डेंग्यू होऊन गेला, एवढेच बहुधा निघते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, त्यामुळे तो पुन्हा होऊ शकतो. दुसऱ्या खेपेस हा जुना पहारा झपाट्याने वाढतो आणि आय.जी.एम. थोडेच येते, क्वचित येतही नाही. आणि दुसऱ्या खेपेचा डेंग्यू जास्त घातक ठरण्याचा संभव असतो. तेव्हा आय.जी.एम. नाही म्हणून निर्धास्त होणे आम्हाला पसंत नाही.

बाजारात वीस मिनिटांत उत्तर देणारी पट्टी मिळते. ती सोयीची खरी, पण आपल्या देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिच्यावरून निदान पक्के धरीत नाहीत. त्यासाठी 'एलायझा' पद्धतीची तपासणी लागते. आय.जी.एम.च्या अशा तपासणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते. १९५२ साली 'विषाणू संशोधन केंद्र' या नावाने निघालेली ती हीच संस्था.

आता प्लेटलेटविषयी. घरोघरी हाच आकडा तोंडपाठ असतो. निरोगी माणसात तो दीड ते साडेचार लाख असतो. डेंग्यूत उतरतो, पण हिवतापातही उतरतो. म्हणून त्यावरून निदान होत नाही. आकडा खाली गेला की नातेवाईक पिशव्यांसाठी शहर पालथे घालतात. सिंगापूर व मलेशियात झालेल्या एका चाचणीत वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या, पण मोठा रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रोग्यांना त्या देऊन पाहिल्या. रक्तस्राव टळण्यास त्यांचा उपयोग दिसला नाही. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले, तरी धावपळ चालूच आहे.

खरे भय दुसरीकडे असते. काही रोग्यांत रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि रक्तातील पातळ भाग बाहेर पडतो. आमटीतले पाणी आटले म्हणजे डाळ वाढत नाही, पण आमटी दाट होते. तसे रक्त दाट होते. हा दाटपणा 'हिमॅटोक्रिट' या आकड्यात दिसतो. चमत्कार असा, की हे बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान घडते. घरची मंडळी "उतरला एकदाचा!" म्हणून सुटकेचा श्वास टाकतात, आणि पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासच जपण्याचे असतात. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे, तळमळ, लघवी कमी होणे, यांतील काहीही दिसले तर ताप नसला तरी रुग्णालय गाठावे.

तेथे डॉक्टर हिमॅटोक्रिटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहतात. पहिल्या दिवशी ४० असलेला आकडा पाचव्या दिवशी ४८ झाला, तर वीस टक्के वाढ झाली. रक्तातील पाणी झिरपत आहे आणि शिरेतून ते बेताने भरून काढले पाहिजे. पहिल्या दिवशीचा कागद 'निगेटिव्ह' म्हणून फेकून दिलेला असला, तर हा ४८ जास्त की नेहमीचाच, हे ठरविणे अवघड होऊन बसते.