माणूस "चांगला वाटतोय" म्हणून उधारी द्यायची का?

नवीन गिऱ्हाईक आलं किंवा कोणी काम मागायला आलं, की आपलं मन लगेच निकाल देऊन मोकळं होतं: "माणूस चांगला वाटतोय." हा निकाल किती लवकर लागतो, माहितीये?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात विलिस आणि टोडोरोव्ह यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवले. तेवढ्यात लोकांनी ठरवलं, हा विश्वासू आहे की नाही! जास्त वेळ दिला तरी मतं साधारण तीच राहिली. वाढली ती फक्त खात्री.

मग हे मत खरं निघतं का? काही बाबतीत, हो. नलिनी अंबाडी आणि रोझेंथाल यांनी १९९३ मध्ये शिक्षकांच्या काही सेकंदांच्या, आवाज बंद केलेल्या क्लिप अनोळखी लोकांना दाखवल्या. त्यांचं मत आणि सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांनी दिलेलं मत बरंच जुळलं. कारण उत्साह, आपुलकी, आत्मविश्वास वरवर दिसतात.

प्रामाणिकपणा मात्र तसा दिसत नाही. बाँड आणि डीपाउलो यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले (२००६). खरं-खोटं ओळखण्यात लोक १०० पैकी सुमारे ५४ वेळाच बरोबर ठरले. नाणं उडवलं तरी ५० वेळा जमतंच की!

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजतो. गोड बोलणं आणि वेळेवर पैसे देणं, ही दोन वेगळी पातेली आहेत.

म्हणून धंद्यात असं करा:

१. काउंटरवर माणूस हवा असेल, तर पहिल्या नजरेला थोडी किंमत द्या. गिऱ्हाईकही तेच बघणार आहे. पण पॅकिंग, हिशेब यासाठी एक दिवस पगार देऊन प्रत्यक्ष काम करून घ्या. बुजरा मुलगाही तिथे हिरा निघू शकतो.

२. उधारी चेहऱ्यावर देऊ नका. पहिला माल रोखीने, मग छोटी मर्यादा. ती वेळेत फिटली, तरच वाढवा. त्याला माल देणाऱ्या दोघा व्यापाऱ्यांना आधी विचारा.

३. पार्टनर करण्याआधी एक छोटी ऑर्डर एकत्र पूर्ण करा आणि पैशाचा हिशेब लिहून ठेवा.

पहिलं मत होणारच, ते थांबत नाही. फक्त त्याच्या भरवशावर गल्ला उघडू नका.