कारवीचे वर्ष आठवणारी माणसे

निसर्गसंवर्धन आणि निसर्गशिक्षण ही दोन्ही कामे एकाच आवारात करणाऱ्या केंद्रांचे वर्णन करताना बहुधा तिथली झाडे, पक्षी आणि फुलपाखरे यांची यादी दिली जाते. ती झाडे जगवणारी, ते पक्षी नोंदवणारी आणि ती फुलपाखरे शाळकरी मुलांना दाखवणारी माणसे मात्र त्या यादीबाहेर राहतात. मुंबईत गोरेगावच्या चित्रनगरीजवळ, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुमारे ३३ एकरांचे संवर्धन शिक्षण केंद्र १९९३ पासून काम करत आहे. एका बाजूला बिबट्यांचा वावर असलेले जंगल आणि दुसऱ्या बाजूला कोट्यवधींचे शहर अशा सीमेवर ते उभे असल्यामुळे या कामाला कोणती माणसे लागतात आणि त्यांच्या अंगी कोणते कसब असावे लागते, हे त्याच्या उदाहरणावरून चांगले समजते.

हे केंद्र चालवणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये मुंबईतील आठ निसर्गप्रेमी रहिवाशांनी स्थापन केली आणि त्यांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय, व्यवसायाने वैद्य होते. प्राण्यांचे व वनस्पतींचे नमुने गोळा करणे, त्यांची ओळख पटवणे आणि निरीक्षणे छापणे हे तिचे आरंभीचे काम होते. सामान्य नागरिकांना आणि मुलांना शिकवणे ही संस्थेची वेगळी, पूर्णवेळ माणसे नेमावी लागतील अशी जबाबदारी आहे, ही जाणीव पुढे हळूहळू रुजली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका जनहित याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि पाठ्यपुस्तकांत जंगल आले, परंतु पुस्तकातले जंगल वाचलेल्या मुलाला प्रत्यक्ष जंगलात नेऊन पाहायला शिकवणारा माणूस प्रत्येक शाळेकडे असणे शक्य नव्हते. अशा केंद्रांतील शिक्षण अधिकारी ही उणीव भरून काढतात.

शिक्षण अधिकारी बहुधा वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र शिकून आलेला असतो, पण पदवी ही त्याच्या कामाची केवळ सुरुवात असते. मुलांना घेऊन जायच्या वाटेवरून तो आधी एकट्याने फिरून येतो, कारण काल उंबराला लागलेली फळे आज माकडांनी संपवलेली असू शकतात आणि दगडाआड फुरसे दडलेले असू शकते. मुलांना वाटेवर नेऊन जंगल दाखवण्याच्या या कामाला निसर्गपरिचय असे म्हणतात आणि त्यात माहिती देण्यापेक्षा, पाहणाऱ्याला स्वतः पाहायला प्रवृत्त करण्याला महत्त्व असते. पाने एकमेकांना जोडून केलेले ओंबिलांचे घरटे दिसले, तर अननुभवी मार्गदर्शक त्या मुंग्यांचे शास्त्रीय नाव सांगून पुढे जातो. मुरलेला शिक्षक थांबतो, ही पाने कशाने जोडली असतील असे विचारतो, आणि मुले डिंक, लाळ, चिखल अशी उत्तरे देत असताना त्यांना जवळ जाऊन, पण फांदीला हात न लावता, पांढरे धागे पाहायला लावतो. त्यानंतर तो सांगतो की प्रौढ मुंगीला रेशीम काढता येत नाही, म्हणून कामकरी मुंग्या आपल्या अळ्या जबड्यात धरून पानांच्या कडांवरून फिरवतात आणि त्या अळ्यांच्या रेशमाने पाने जोडली जातात. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जो वेळ जातो तो वाया गेलेला नसतो, कारण मूल त्याच वेळात निरीक्षण करत असते. तेवढे थांबण्याचा धीर असणे ही या व्यवसायातील सर्वांत अवघड गोष्ट आहे.

माळीकाम हे या केंद्रांतील दुसरे, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षित, कसबाचे काम होय. नेहमीच्या बागेत पान कुरतडले गेले की माळ्याला बोल लागतो, पण फुलपाखरांसाठी राखलेल्या बागेत कुरतडलेले पान हे त्याच्या यशाचे चिन्ह असते. फुलपाखराला दोन प्रकारच्या वनस्पती लागतात: प्रौढ कीटक जिच्या फुलांतील मध पितो ती मधुवनस्पती, आणि मादी जिच्यावर अंडी घालते व जिची पाने खाऊन अळी वाढते ती खाद्यवनस्पती. बऱ्याच जातींच्या अळ्या मोजक्याच वनस्पती खातात. नीलवंत, ज्याला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा दर्जा दिला, त्याची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर, रानात माकडलिंबूवर वाढते, तर बिबळ्या कडवा रुईवर अंडी घालतो. त्यामुळे केवळ रंगीत फुले लावली तर फुलपाखरे पाहुणी म्हणून येतात, परंतु नांदत नाहीत. कोणती खाद्यवनस्पती कधी छाटायची, जेणेकरून अळ्यांना आवडणारी कोवळी पालवी वेळेवर फुटेल, कोणता कोपरा ओला ठेवायचा, जिथे नर क्षार शोषण्यासाठी जमतील, आणि रुईसारखे झाड तण समजून उपटले जाणार नाही याकडे कसे लक्ष ठेवायचे, हे सगळे माळी ऋतूंच्या अनुभवातून शिकतो. कीटकनाशक वापरायचे नसल्याने त्याची नजर हेच त्याचे मुख्य साधन असते.

या जंगलाच्या आसपास पाड्यांमधून वारली आणि इतर आदिवासी कुटुंबे राहतात आणि वनविभाग असो की स्वयंसेवी संस्था, या कुटुंबांतील क्षेत्र-मदतनिसांशिवाय येथील अभ्यास व शिक्षण पुढे सरकत नाही. पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणाऱ्या शेवळ्याचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. सुरणाच्या गणातील ही रानभाजी तिच्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे घशाला खाजते, म्हणून ठाणे-रायगडकडे ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवली जाते. आणि न उमललेला फुलोरा काढला तरी कंद जमिनीत राहिल्यास वनस्पती पुढच्या वर्षी पुन्हा येते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्या स्फटिकांचे नाव सांगू शकतो, परंतु शेवळा कोणत्या उतारावर आधी दिसतो, यंदा कमी का आला आणि कंद उकरणे केव्हापासून वाढले, हे पाड्यावरची बाईच सांगू शकते. अशा व्यक्तीला केवळ वाट दाखवणारा मजूर समजणे हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि त्यामुळे विज्ञानाचेही नुकसान होते.

बिबट्याविषयी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देणे हा या सीमेवरच्या शिक्षकाच्या कामाचा अटळ भाग आहे. २००४ च्या सुमारास उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली होती आणि पिंजरे लावून बिबटे पकडावेत ही मागणी तेव्हा स्वाभाविकपणे जोर धरत होती. पुढे डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरात केलेल्या अभ्यासातून असे दिसले की पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यानंतर त्या सोडलेल्या ठिकाणांजवळ हल्ले वाढतात. २०११ मध्ये वनविभागाने शास्त्रज्ञ आणि नागरिक यांना बरोबर घेऊन मुंबईत जनजागृतीचा उपक्रम सुरू केला, तेव्हा उघड्यावरचा कचरा, त्यावर पोसलेली भटकी कुत्री आणि त्या कुत्र्यांमागे येणारा बिबट्या ही साखळी वस्त्यांमध्ये जाऊन समजावून सांगणे हे मुख्य काम झाले. शौचालय नसल्यामुळे पहाटे अंधारात बाहेर जावे लागणाऱ्या कुटुंबाला सहजीवनाचे महत्त्व सांगणे सोपे नसते, आणि सांगणाऱ्याने त्या कुटुंबाची भीती खरी मानल्याशिवाय त्याचे कोणी ऐकत नाही.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे: ती एकाच जागी दीर्घकाळ राहिल्याशिवाय साधत नाहीत. उद्यानातील कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच सामुदायिकपणे फुलते, बिया धरते आणि मरते. तिचे अलीकडचे बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये येऊन गेले. एका बहराची तुलना दुसऱ्याशी करता येण्यासाठी, म्हणजे कोणता उतार आधी जांभळा झाला, मधमाश्या किती आल्या आणि पुढच्या पावसाळ्यात रोपे कुठे उगवली नाहीत हे सांगता येण्यासाठी, मनुष्य तिथे किमान दोन बहर टिकलेला असावा लागतो. अशा केंद्रांतील अनेक पदे मात्र प्रकल्पांच्या निधीवर चालतात आणि प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात, त्यामुळे वाट ओळखीची होऊ लागते तोच शिक्षक दुसरी नोकरी शोधू लागतो.

ही अडचण नवी नाही. सलीम अली १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमले गेले होते, आणि नंतर जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन १९३० मध्ये ते परतले तेव्हा निधीअभावी ते पद रद्द झालेले होते. नोकरी नसल्यामुळे ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा प्रसिद्ध अभ्यास केला. परंतु त्यांच्याजवळ किहीमला जाऊन राहण्याची सोय होती, आणि आज पद संपल्यावर घरभाड्यासाठी निसर्गशिक्षण सोडून देणाऱ्या तरुण शिक्षकाजवळ किंवा रोजंदारीवरच्या माळ्याजवळ ती नसते.